पाव्हण्यासाठी एकशेवीस

वाडीच्या रुपराव डाखोळ्यांना जगात एकाच गोष्टीची चीड होती, सावकाशपणाची. लग्नाच्या पंगतीत वाढपी दुसऱ्या रांगेला वरण वाढत असे, तोवर रुपराव मठ्ठा पिऊन हात धुवायला उठलेले असत. यजमान धावत यायचे, "भौ, काही चुकलं का गा?" चुकलेलं काही नसे, रुपरावांचं जेवण झालेलं असे. स्वतःच्या लग्नात तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी भटजींना "जरा लवकर आटपा ना महाराज" असं सुनावलं होतं. ही हकिगत कुसुमताई गेली सत्तावीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आल्या आहेत. तीसुद्धा रुपराव पुरती सांगू देत नाहीत. मध्येच म्हणतात, "थोडक्यात सांग वं."

असा माणूस देवानं कुठं पाठवावा? सरकारी कचेरीत पाठवला असता तर तिसऱ्या दिवशी एक तर तो वेडा झाला असता, नाही तर कचेरी. म्हणून देवानं रुपरावांना हिंगणा एमआयडीसीत, ट्रॅक्टरच्या चाकाचे हब, म्हणजे मधले लोखंडी तुंबे, बनवणाऱ्या कारखान्यात लावून दिलं. कारखान्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर मालक म्हणणार आमचीच बदनामी का, आणि शेजारचे म्हणणार आमचं नाव का नाही घेतलं.

आधी लोखंड कातायची साधी लेथ होती. मग वीसेक वर्षांपूर्वी सीएनसी आली. म्हणजे लेथच, पण तिची चाकं फिरवायला माणसाऐवजी संगणक. वरच्या एसीच्या खोलीत एक साहेब पडद्यावर हबचं चित्र काढतो, त्याला कॅड म्हणतात. त्या चित्रावरून हत्यारानं कुठून कुठं जायचं याचा प्रोग्राम तयार होतो, ते कॅम. आणि तो प्रोग्राम मुकाट्यानं ऐकते ती खालची सीएनसी. आता ऑपरेटरला काय काम उरलं, नुसतं बटण तर दाबायचं, असं वरच्या खोलीतले लोक म्हणतात. कच्चा हब अकरा किलोचा असतो आणि पाळीभरात टनभर लोखंड या हातातून त्या हातात जातं, ही गोष्ट चित्रात कुठं दिसत नाही ना!

मशीनच्या पॅनलवर एक गोल नॉब असतो. तो शंभरवर ठेवला की हत्यार प्रोग्राममध्ये लिहिलेल्या चालीनं चालतं. ऐंशीवर ठेवला तर रमतगमत, एकशेवीसवर ठेवला तर घाईनं. घाईनं चाललं की हत्याराची धार लवकर जाते आणि हब कधी बाद होईल सांगता येत नाही, म्हणून कंपनीचा नियम शंभर. रुपरावही रोज शंभरवरच ठेवत. त्यांची घाई हातांची होती, मशीनची नव्हती.

फक्त पाव्हणा यायचा असला की गोष्ट वेगळी. बाहेरून कोणी तपासणीला येणार म्हटलं की या कारखान्यात सगळं कसं आपोआप व्हायचं. फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या नव्यानं रंगायच्या. ड्रॉवरमधल्या तंबाखूच्या खर्र्याच्या पुड्या संडासाच्या खिडकीवर रांगेनं जाऊन बसायच्या. वर्षभर सव्वाअकरा दाखवणारं घड्याळ चालू व्हायचं. आणि सगळ्या मशीनींचे नॉब एकशेवीसवर जायचे. असं करा म्हणून कोणी सांगत नव्हतं. घरी सोयरे आले की गादीवर चांगली चादर निघते, ती काय कोणी परिपत्रक काढून? तपासणारा साहेब खूश व्हायचा, तर्रीपोहे खायचा, संत्रा बर्फीचा डबा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं जायचा, आणि गाडी अजनी स्टेशन सोडायच्या आत नॉब शंभरवर यायचे. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग मागच्या सप्टेंबरात पुण्याहून विक्रम सर आले.

विक्रम सर सल्लागार होते. कारखान्यात नवीन सिस्टीम बसवायची होती आणि ती कशी असते हे त्यांनी कॅन्टीनच्या भिंतीवर एक त्रिकोण पाडून सगळ्यांना समजावलं. तळाशी व्यवहारांची सिस्टीम. कोणी किती हब केले, किती वेळात केले, याची तिच्यात नोंद. तिच्यावर व्यवस्थापनाची माहिती सिस्टीम. ती नोंदींचे तक्ते करते. तिच्यावर निर्णयाला मदत करणारी सिस्टीम. ती तक्ते वाचते आणि काय करावं ते साहेबांना सांगते. आणि पार टोकावर सर्वांत मोठ्या साहेबांची सिस्टीम, तिच्यात फक्त रंग असतात, हिरवा, पिवळा आणि लाल, कारण सेठजींना, म्हणजे मालकांना, वाचायला वेळ नसतो. रुपरावांना त्रिकोण चटकन पटला. कारखान्यात तसंही खालून माहिती वर जायची आणि वरून शिव्या खाली यायच्या. आता दोन्ही वायफायवरून होणार होतं.

"या सगळ्याचा पाया म्हणजे प्रमाणित वेळ," विक्रम सर म्हणाले. "एका हबला नेमका किती वेळ लागतो, तो आपण मोजणार आणि सिस्टीममध्ये भरणार. त्यासाठी तुमचा एक चांगला ऑपरेटर मला द्या."

चांगला ऑपरेटर म्हटल्यावर दुसरं नाव कोणाचं निघणार? प्लांटचे मॅनेजर मुकुंद साहेब रुपरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रुपरावजी, कंपनीची इज्जत तुमच्या हातात आहे." झालं! पाव्हणा पुण्याचा, कॅमेरा तिपाईवर, सेठजी स्वतः खाली उतरलेले, मागं सगळी पाळी गोळा झालेली. रुपरावांनी नॉब एकशेवीसवर नेला. चकचे जबडे, म्हणजे हब धरून ठेवणारे ते तीन पोलादी दात, दर खेपेला ब्रशनं साफ करायचे असतात, ते त्यांनी तसेच सोडले. दर पाचव्या हबला गेज लावून मोजायचं असतं, ते एकदाही लावलं नाही. एक तास रुपराव असे चालले की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत एक हब! खरा वेळ चार मिनिटं पन्नास. पण टाळ्या वाजत असताना असं कोण बोलतं?

विक्रम सरांनी आकडा टॅबवर टिपला, पोहे खाल्ले, बर्फी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. रुपरावांनी नॉब शंभरवर आणला आणि गोष्ट विसरून गेले. पुढच्या महिन्यात सिस्टीम चालू झाली तेव्हा कळलं की पाव्हणा गेला, पण आकडा राहिला होता.

शॉपच्या, म्हणजे मशीनी चालतात त्या दालनाच्या, भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्यावर प्रत्येकाचं नाव, हबची संख्या आणि टक्के. पाळीला एकशेवीस हब म्हणजे शंभर टक्के. पंच्याऐंशीच्या खाली गेलं की नाव लाल. पहिल्या दिवशी सगळा टीव्ही लाल झाला. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र हिरवा व्हायला लागला, कारण एकेक करून सगळ्यांचे नॉब वर चढले. हत्यारं दुप्पट जायला लागली. सिस्टीमनं तक्ता केला, विचार केला आणि शिफारस केली की हत्यारांचा पुरवठादार बदला. बदलला. बाद हबांचे ढीग वाढले, पण ते वेगळ्या पडद्यावर दिसायचे आणि तो पडदा वेगळ्या खोलीत होता.

रुपरावांची गंमत अशी झाली की त्यांना स्वतःच्याच मागं धावावं लागलं. चहा बंद. जेवण नऊ मिनिटांवरून सहावर. नॉब कधी एकशेदहा, कधी एकशेपंधरा. एवढं करून एकशेपंधरा हब व्हायचे. संध्याकाळी वाडीच्या खोलीचा जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, पण नोटीस बोर्डावर चौकटीत फोटो लागला होता, 'स्टार ऑपरेटर', खाली झेंडूची माळ. झेंडूची माळ जिवंत माणसाच्या फोटोला घालू नये हे एचआरवाल्या पोराला माहीत नव्हतं. कुसुमताईंना मोबाइलवर तो फोटो दाखवला तेव्हा त्या आधी दचकल्या आणि मग हसत सुटल्या.

शेजारच्या मशीनवर गुंजन हेडाऊ होती. कामठीची. वडिलांचे चार पॉवरलूम भंगारात गेल्यावर ते गोदामावर चौकीदार झाले आणि गुंजननं आयटीआय केलं. एका वर्षाची ट्रेनी म्हणून एप्रिलात लागली. शेअर ऑटोनं ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रो, सीताबर्डीला बदलून लोकमान्य नगर, पुढं पायी, आणि तरी आठच्या पाळीला आठला पाच कमी असताना हजर. तिला शिकवायचं काम रुपरावांकडे होतं. त्यांनी तिला पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या होत्या.

"नॉब शंभर. जबडे दर टाइमले ब्रशनं साफ. दर पाचव्या हबले गेज. यातलं एकही चुकलं तर हात तोडीन."

गुंजननं ते इतकं मनावर घेतलं की टीव्ही लागल्यावरही तिचा नॉब शंभरवरून हलला नाही. तिचे पाळीला त्र्याण्णव हब व्हायचे. सत्त्याहत्तर टक्के. सगळ्या हिरव्या नावांत तिचं एक लाल. वर्षभरात तिचा एक हब बाद झाला नव्हता. पण सांगितलं ना, तो पडदा वेगळ्या खोलीत होता.

तिचा डोळा वरच्या कॅमच्या खोलीवर होता. डबा खाताना ती वहीत हत्याराच्या वाटा काढत बसायची, इथून आत, इथून गोल, इथून बाहेर. तिनं एकदा रुपरावांना दाखवलं होतं की कंपनीच्या प्रोग्राममध्ये हत्यार दोनदा उगाच हवेत फिरून येतं. रुपरावांनी तपासलं, खरंच होतं. वीस वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "पोट्टी हुशार आहे बाप्पा," असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि थोडक्यात नाही, चांगलं अर्धा तास. पण वरच्या खोलीत बसायला पक्की ऑर्डर लागते, आणि पक्की ऑर्डर निघणार की नाही ते एकतीस मार्चला ठरणार होतं.

डिसेंबरात एकदा तिनं विचारलं होतं, "काका, तुमचे एकशेपंधरा कसे होते?"

रुपरावांनी हब चकात लावत उत्तर दिलं, "हात बसाले पाह्यजे. पंचवीस वर्षं लागते त्याले."

ती "हाव," म्हणाली आणि आपल्या मशीनकडे वळली. रुपरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सहा मिनिटांचं जेवण तीन मिनिटांत टाकून उठले.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मुकुंद साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. वर गुंजनचं नाव, खाली 'मुदत न वाढवणे', आणि तळाशी प्रशिक्षकाच्या सहीची जागा.

"वाईट मलाही वाटते, रुपरावजी. पण सिस्टीमचीच शिफारस आहे."

"सिस्टीमले सांगा ना साहेब, त्या पोट्टीचा एक हब बाद नाही म्हणून."

"ते क्वालिटीच्या मॉड्यूलमध्ये असते."

"मंग त्या मॉड्यूलले या मॉड्यूलशी बोलू द्या ना."

"त्याचं लायसन आपण घेतलं नाही," मुकुंद साहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकायला बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी लगेच आवाज वाढवला. "आणि टायमिंग काय हवेतून आलं का? तुमचंच आहे! बावन्न वर्षांचा माणूस करते तर बावीस वर्षांच्या पोरीले काहून जमत नाही? सही करा."

रुपरावांनी पेन उचलला, ठेवला. पेन चालत नाही म्हणाले. साहेबांनी दुसरा दिला. तोही चालत नाही म्हणाले. चालत होते दोन्ही. शेवटी "सोमवारी करतो," म्हणून ते बाहेर आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम उद्यावर ढकलल्याची त्यांना लाज वाटली नाही.

रविवारी दुपारी कुसुमताईंनी भाकर आणि वांग्याची भाजी केली. रुपराव जेवायला बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, ताटात अर्धी भाकर तशीच. कुसुमताई पाण्याचा तांब्या टाकून धावल्या.

"माय वं! छातीत दुखून राहिलं का तुमच्या?"

"नाही."

"मंग असे हळूहळू काहून जेवून राहिले?"

मग रुपरावांनी सगळं सांगितलं. नॉब, जबडे, गेज, टाळ्या, आणि पंचवीस वर्षांची ती थाप. कुसुमताई ऐकत राहिल्या.

"आता बोललो तर साऱ्या कंपनीत माह्यी इज्जत जाईन ना वं," रुपराव म्हणाले. "पोट्टे हसतील. फोटो लागला आहे तिथं."

"भटजीले धाकवलं तेव्हा नाही गेली इज्जत, आता जाईन म्हणे!" कुसुमताईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि त्यांचा सूर एकदम उतरला. "मले एवढंच सांगा. ते पोट्टी घरी बसली, तर तिच्या रिकाम्या मशीनच्या बाजूले उभे राहून तुम्ही काम कसं कराल?"

रुपरावांनी ताट जवळ ओढलं. उरलेली अर्धी भाकर संपवली, चावून चावून.

सोमवारी शॉपमध्ये पाऊल टाकलं तर नाकात पिवळ्या रंगाचा वास! म्हणजे पाव्हणे. विक्रम सर आले होते, सेठजी आले होते, आणि बुटीबोरीच्या एका कारखान्याचे दोन साहेब सिस्टीमचं यश बघायला आले होते. घड्याळ चालू होतं. रुपरावांच्या मशीनचा नॉब त्यांच्या दोस्तांनी आधीच एकशेवीसवर नेऊन ठेवला होता, आपुलकीनं.

"हे आमचे रुपराव," विक्रम सरांनी ओळख करून दिली. "आपली सगळी सिस्टीम यांच्या आकड्यावर उभी आहे म्हणा ना! रुपराव, दाखवा एकदा."

रुपराव मशीनपुढं उभे राहिले. मागं गुंजन होती, हातात गेज. रुपरावांनी नॉबला हात घातला आणि तो उलटा फिरवला. एकशेदहा. शंभर. मागं उभ्या असलेल्या एकूण एक ऑपरेटरनं ते पाहिलं. रुपरावांनी ब्रश घेतला. तिन्ही जबडे एकेक करून साफ केले. हब लावला, दार लावलं, बटण दाबलं आणि हात मागं बांधून उभे राहिले. हत्यार आपल्या चालीनं चाललं. बुटीबोरीच्या एका साहेबानं जांभई दिली. हब निघाला, रुपरावांनी तो पुसला, गेज लावला, ठेवला.

विक्रम सरांनी टॅबकडे पाहिलं. "चार मिनिटं बावन्न. रुपराव, तब्येत बरी नाही का?"

"तब्येत चोख आहे, सर. त्या दिवशी नॉब एकशेवीसवर होता."

"म्हणजे?"

"म्हणजे जबडे साफ केले नव्हते, गेज लावला नव्हता, नॉब वर नेला होता. एक तास जमते तसं. रोज आठ तास नाही जमत."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं नाही का!"

"तुम्ही पाव्हणे होते ना सर," रुपराव म्हणाले. "पाव्हण्यासमोर कोणी शंभरवर ठेवते का? मले वाटलं, तुम्ही आकडा घेऊन जाल. तुम्ही गेले अन् आकडा इथीच ठेवून गेले. मंग फोटो लागला अन् माह्या तोंडाले कुलूप लागलं." त्यांनी मागं गुंजनकडे हात केला. "ते गुंजन बरोबर आहे. सहा महिन्यांपासून या शॉपमध्ये एकटी तेच बरोबर आहे. तिले काढाचं असन तर आधी मले काढा."

सेठजी मुकुंद साहेबांकडे बघायला लागले, मुकुंद साहेब विक्रम सरांकडे, आणि विक्रम सर टॅबकडे. त्रिकोण होता तसाच राहिला, फक्त सगळ्यांना खाली बघावं लागलं. बुटीबोरीचा साहेब मात्र बाजूला जाऊन फोनवर हळू आवाजात विचारत होता, "अरे, आपल्याकडे टायमिंग घेतलं तेव्हा नॉब कितीवर होता? विचार ना कोणाला तरी."

पुढं जे झालं ते सिस्टीमला शोभेल असंच झालं. प्रमाणित वेळ चार मिनिटं पन्नास करायला अकरा मंजुऱ्या लागल्या. त्यातल्या एका साहेबांनी नोकरी सोडून वर्ष झालं होतं, पण त्यांचीही मिळाली. तीस मार्चला नवा आकडा चढला आणि एकतीसला सगळे टक्के नव्यानं निघाले. कारखान्याची कार्यक्षमता एका रात्रीत एकोणतीस टक्क्यांनी वाढली. हब तेवढेच झाले होते, पण सेठजींच्या पडद्यावर हिरवंगार झालं आणि विक्रम सरांनी या यशाचा वेगळा रिपोर्ट पाठवला, वेगळ्या बिलासकट. गुंजनचे टक्के बरोबर शंभर. पक्की ऑर्डर त्याच दुपारी निघाली. जूनपासून कॅमची खोली.

आणि रुपराव? त्यांचे जुने एकशेपंधरा हब नव्या वेळेनं मोजले तर एकशेचोवीस टक्के झाले. एवढं कोणी करूच शकत नाही असं सिस्टीमनं ठरवलं, त्यांच्या नावापुढं 'आकडे संशयास्पद' असा शेरा मारला आणि शिफारस केली, तीन दिवसांचं पुनर्प्रशिक्षण. प्रशिक्षक कोण? तर जिचे आकडे पहिल्या दिवसापासून एकसारखे आहेत ती ऑपरेटर, म्हणजे गुंजन हेडाऊ. मुकुंद साहेबांनी ते रद्द करायचा प्रयत्न केला. रद्दच्या बटणाचं लायसन घेतलेलं नव्हतं.

मग काय, बोर्डावरचा फोटो उतरला. एचआरवाल्या पोरानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून रुपरावांच्या हातात दिला. आणि तीन दिवस बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस गुंजनच्या मशीनशेजारी वही घेऊन बसला. जेवायच्या सुट्टीत पोट्टे येऊन चिडवून जायचे, "काय रुपरावभौ, आज एबीसीडी का?" रुपराव म्हणायचे, "हाव ना. सी पर्यंत आलो."

तिसऱ्या दिवशी गुंजननं फॉर्म काढला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. ती लाजून वर बघत नव्हती.

"नॉब कितीवर ठेवायचा?"

"शंभर."

"जबडे?"

"दर टाइमले."

"गेज?"

"दर पाचव्याले." रुपराव थांबले. मग म्हणाले, "गुंजन, तुले कधी समजलं होतं गा, नॉबचं?" बोलण्याच्या भरात, बाईमाणसाला म्हणायच्या 'वं'च्या जागी गड्याला म्हणायचं 'गा' निघून गेलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"त्याच दिवशी. तुमच्या मागंच उभी होती मी, हबचा ट्रे घेऊन."

"अन् डिसेंबरात मले विचारलं होतं ते?"

"वाटलं, तुम्ही सांगाल."

"नोकरी जात होती तुही! साहेबाले सांगाचं ना मंग, काहून नाही सांगतलं?"

गुंजननं ब्रश उचलला आणि साफच असलेले जबडे पुन्हा साफ करायला लागली. "तुम्ही शिकवलं होतं ना काका मले," ती म्हणाली. "तुमचं नाव कसं सांगू?"

रुपरावांनी वही मिटली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावरही रुमाल डोळ्यांवरच राहिला. गुंजननं तोवर फॉर्म पुरा केला. शेवटचा रकाना होता, प्रशिक्षणार्थीचा वेग. वेगवान, मध्यम, सावकाश. ती दोन मिनिटं पेन धरून बसली, मग खूण केली आणि फॉर्म सहीसाठी त्यांच्यापुढं सरकवला.

सावकाश.

"खरं होतं ते लिहिलं," ती म्हणाली. "राग नाही ना आला?"

रुपरावांनी तो फॉर्म दोनदा वाचला. मग सही केली, पेन पहिल्याच खेपेला चालला. खिशातून मोबाइल काढून त्यांनी फॉर्मचा फोटो घेतला, नीट आला नाही म्हणून पुन्हा घेतला, आणि कुसुमताईंना पाठवला. संध्याकाळी घरी जाताना ते फोटोवाल्याच्या दुकानात थांबले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चौकटीतला जुना फोटो काढून फॉर्मचा तो नवा फोटो छापून तिच्यात बसवायला सांगितला. दुकानदार म्हणाला, अर्धा तास लागेल. रुपराव बाकावर बसले आणि म्हणाले, "लागू दे."